डोक्यामागची खुर्ची

माझी आत्या जिथे मनाचं शास्त्र शिकली, तिथे ‘नाही’ या शब्दाला किंमत नव्हती. म्हणायला बंदी नव्हती, खुशाल म्हणा, पण तो धरला जात नसे. सर म्हणायचे, तुझ्या मनात अमुक आहे. आत्या म्हणायची, नाही हो सर. सर म्हणायचे, बघ, किती पटकन नाही म्हणालीस, म्हणजे आहेच. हो म्हटलं तर आहेच, आणि गप्प बसलं तर फारच खोल आहे. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आत्या मात्र शांतपणे बटाटे सोलत म्हणायची, “अगं, पण त्यात तथ्य आहे. माणसाला स्वतःचं सगळं कुठे कळतं? तुला तरी कळतंय का, तू माझ्यावर का ओरडतेयस ते?”

मला चांगलं कळत होतं. मला सरांवर ओरडायचं होतं आणि ते समोर नव्हते.

आत्या दिवसभर एका मोठ्या इस्पितळात समाजसेविकेचं काम करायची. ज्यांना खाट मिळत नाही, ज्यांना घरचे न्यायला येत नाहीत, ज्यांना रडायला आडोसा मिळत नाही, अशी सगळी माणसं तिच्या टेबलापाशी यायची. लग्न तिने केलं नव्हतं. आमच्या घरातली मागची खोली तिची होती, आणि तिथे शिरताना तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे बाबासुद्धा दारावर टकटक करायचे. संध्याकाळी ती संस्थेत जायची. संस्था म्हणजे चष्म्याच्या दुकानावरचे दोन मजले. खालच्या मजल्यावर सभागृह आणि ग्रंथालय, वरती पेशंटच्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक कोच, एक खुर्ची, एक घड्याळ. सभागृहात या शास्त्राच्या जनकाचा भला मोठा फोटो होता. मी त्यांना दाढीवाले आजोबा म्हणायचे. आत्याला ते पटायचं नाही, पण हसू आवरायचं नाही.

कोच आणि खुर्चीचा नियम ठरलेला होता. पेशंटने कोचावर आडवं व्हायचं, छताकडे बघायचं आणि मनात येईल ते बोलायचं. ऐकणाऱ्याने त्याच्या डोक्यामागे खुर्ची टाकून बसायचं. दिसायचं नाही, स्वतःबद्दल चकार शब्द काढायचा नाही, मधूनच हलक्या आवाजात अर्थ तेवढा सांगायचा. शिकणाऱ्यालाही आधी स्वतः कोचावर पडावं लागे, तेही वर्षानुवर्षं, आणि आत्याच्या डोक्यामागे खुद्द सर बसायचे. सर वाईट माणूस नव्हते, हे मला नाइलाजाने सांगावं लागतंय. माझे आजोबा गेले तेव्हा आत्या घरात रडली नाही. ती त्या कोचावर रडली, आणि सरांनी तिला पोटभर रडू दिलं. त्यामुळे ती त्यांना मानायची, आणि त्यामुळेच पुढचं सगळं तिला इतकं लागलं.

एकदा तिने सरांना सायकलची गोष्ट सांगितली. शाळेत असताना बाबांना सायकल मिळाली, तिला नाही. शाळा लांब होती. बाबा घरी येऊन, खाऊन, खेळायला बाहेर पडायचे तेव्हा ही दप्तर सावरत अर्ध्या रस्त्यात असायची. सायकलला हात लावायची तिला बंदी होती, पुसून ठेवायचं काम मात्र तिचंच होतं. सर डोक्यामागून म्हणाले, “तुला सायकल नको होती. तुला मुलगा व्हायचं होतं. मुलीच्या मनात मुलाच्या शरीराचा हेवा असतो, तो तू सायकलीवर नेऊन ठेवलास.”

“नाही सर. मला सायकल हवी होती.”

झालं. पटकन नाही म्हणाली ना.

त्या संध्याकाळी ती घरी यायच्या ऐवजी खाली ग्रंथालयात गेली. दाढीवाल्या आजोबांचे खंड तिथे काचेच्या कपाटात असायचे. दाराआडच्या सगळ्यात खालच्या फळीवर दुसरी पुस्तकं होती. ती आजोबांच्याच चेल्यांची, आणि त्या चेल्यांच्या चेल्यांची, जे पुढे त्यांच्याशी वाद घालून आपापल्या वाटेने गेले. संस्थेत त्या फळीला ‘घर सोडून गेलेली मुलं’ म्हणत. आत्या तिथे जमिनीवरच फतकल मारून बसली आणि हाताला आलं ते पहिलं पुस्तक उघडलं. ते एका बाईचं होतं. तिने म्हटलं होतं, की मुलीला हेवा वाटतो तो मुलाच्या शरीराचा नव्हे, त्याला जगात जे बिनबोभाट मिळतं त्याचा. आणि बाईला मूल होतं याचा हेवा पुरुषांना वाटत नसेल कशावरून, हे कुणी विचारलं का? आत्या घरी आली ती लाल डोळ्यांनी. बाबांनी घाबरून विचारलं, काय झालं. ती म्हणाली, “दादा, तुझी सायकल कुठे आहे रे?”

“माळ्यावर असेल. का?”

“काही नाही. ती सायकलच होती.”

मग घरात रोज जेवताना ‘घर सोडून गेलेली मुलं’ यायला लागली. एकजण इस्पितळात आईवाचून ठेवलेली मुलं बघत बसला आणि म्हणाला, लेकराला दुधाइतकीच कुशीची भूक असते. आत्याला हे इस्पितळात रोज दिसायचं. एकाने सांगितलं, आई बिनचूक असायचं काही कारण नाही, बेताची चांगली असली तरी मूल नीट वाढतं. “हा माणूस मला आवडला,” माझी आई वाढता वाढता म्हणाली. कुणी म्हणे, माणूस पाच वर्षांचा झाला म्हणजे घडून संपला असं नव्हे, तो म्हातारपणापर्यंत घडतच असतो. कुणी म्हणे, डोक्यामागे बसलेला काही भिंत नसतो, त्याचाही राग, लोभ, लहर असते, खोलीत माणसं दोन असतात. या शास्त्राच्या बाहेरचे टीकाकार तर आणखी रोखठोक होते. एका शहरातल्या मूठभर सुखवस्तू पेशंटवरून सगळ्या जगाला नियम कसा लावता? आणि जे म्हणणं कुठल्याच परिस्थितीत खोटं ठरू शकत नाही, त्याला शास्त्र कुठल्या तोंडाने म्हणता?

“मग सोड ना ती संस्था,” मी म्हणायचे.

“आणि जाऊ कुठे? सभासदत्व मिळालं नाही तर एकही डॉक्टर माझ्याकडे पेशंट पाठवायचा नाही. इतकी वर्षं पाण्यात जातील.” मग म्हणायची, “शिवाय मला हे काम आवडतं. एका माणसाने दुसऱ्याचं तासभर मन लावून ऐकायचं, हे त्या दाढीवाल्यानेच सुरू केलं ना? त्याआधी असल्या माणसांना थंड पाण्यात बुडवत होते.”

म्हणजे तिला संस्था मोडायची नव्हती. तिला त्या संस्थेत राहून ‘नाही’ म्हणायचं होतं, आणि ते ‘नाही’ असंच ऐकलं जायला हवं होतं.

सभासद व्हायला शेवटची पायरी होती एका पेशंटची हकिगत समितीपुढे मांडायची. तिच्या वाट्याला आला बॉयलर बनवणारा एक कारागीर. त्याची गोष्ट मी सांगते याचा तुम्हाला राग येऊ नये. पुढे ती त्यानेच गावभर सांगितली, आणि दर वेळी अधिक मोठ्या आवाजात. आम्ही घरी त्यांना बॉयलरवाले म्हणायचो. कारखान्यात ते बॉयलरच्या पिंपात आत बसून रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचा जाड खिळा, धरायचे आणि बाहेरून दुसरा त्यावर घण मारायचा. तरुणपणापासून हेच. अलीकडे मुकादमाची तक्रार होती, की हाक मारली तर ओ देत नाही, घुम्यासारखा असतो. बायकोची तक्रार होती, की घरात बोलतच नाही. कारखान्याच्या डॉक्टरने डोळे बघितले, छाती तपासली, आणि मनाचं काहीतरी असेल म्हणून संस्थेत पाठवून दिलं.

पहिल्या दिवशी आत्याने टेबलापाशी समोरासमोर बसून त्यांची माहिती घेतली. सगळी उत्तरं त्यांनी व्यवस्थित दिली, एक-दोन विनोदही केले. दुसऱ्या वेळेपासून ते कोचावर आडवे झाले, आत्या डोक्यामागे बसली, आणि बॉयलरवाले मूग गिळून गप्प झाले. पहिल्यांदा काही वाक्यं बोलले. मग नुसते छताकडे बघत पडून राहायचे. आत्या हलक्या आवाजात म्हणायची, “तुम्ही आज गप्प आहात. वडिलांसमोर असेच गप्प असायचात का?” उत्तर नाही. “मी काही बोलावं असं तुम्हाला वाटतंय का?” उत्तर नाही. तास संपला की आत्या उठून दाराशी जायची, ती दिसली की ते उठायचे, नमस्कार करायचे, आणि पुढच्या वेळी न चुकता हजर.

सर तर खूश झाले. असला पक्का प्रतिकार त्यांनी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. प्रतिकार म्हणजे दडवलेलं बाहेर येऊ नये म्हणून मनाने आतून लावलेली कडी. महिनोन्‌महिने संस्थेत त्या कडीवर चर्चा झाली. कुणी म्हणालं, हा बापाशी अबोला आहे. कुणी म्हणालं, हा आईच्या पोटात परत गेलाय, ते बॉयलरचं पिंप म्हणजे काय दुसरं? एकाने त्यावर निबंध वाचला आणि टाळ्या घेतल्या. आत्यानेही वाजवल्या, हे तिने मला स्वतः सांगितलं.

आणि मग एका संध्याकाळी, भरल्या तासात, भिंतीवरचं घड्याळ खिळ्यासकट निखळून खाली पडलं. नेमकं कोचामागे. काचेचा चक्काचूर. आत्या किंचाळून उभी राहिली. बॉयलरवाले आरामात छताकडे बघत पडलेले.

आत्या पुन्हा खुर्चीत बसली. नेहमीच्याच हलक्या, अर्थ सांगायच्या आवाजात म्हणाली, “तुमच्या शर्टाला आग लागलीय.”

बॉयलरवाल्यांनी जांभई दिली.

तिने खुर्ची उचलली, कोचाला वळसा घातला, आणि त्यांच्या तोंडासमोर ठेवून बसली. ते दचकून उठून बसले. ती म्हणाली, “तुम्हाला ऐकू येत नाही?” त्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, “बाई, म्हणजे इतके दिवस तुम्ही मागे बसून बोलत होता होय?”

त्यानंतर ते जे बोलायला लागले ते थांबेचनात. कान गेल्याचं त्यांना केव्हाच माहीत होतं. कारखान्यात ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण तिथल्या गोंगाटात सगळेच एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. पाठीमागून हाक आली की तेवढी पंचाईत. बहिरा झालेल्या माणसाला कारखानावाले फाटकावर राखणीला नेऊन बसवतात, म्हणून त्यांनी लपवलं होतं. घरी बायको चुलीकडे तोंड करून बोलायची आणि उत्तर आलं नाही की ओरडायची. मुलं ओरडायची. मग त्यांनी बोलणंच सोडून दिलं. आत्याने विचारलं, की इथे काहीच होत नव्हतं, तरी तुम्ही येत का राहिलात? ते म्हणाले, “इथे कुणी ओरडत नाही ना. मला वाटलं, हाच इलाज आहे.”

हे ऐकून आत्या हसली आणि मग तिला रडू आलं. हसणं आणि रडणं दोन्ही त्यांना दिसलं, कारण ती समोर बसली होती. संस्थेच्या नियमाप्रमाणे यातलं काहीच दिसायला नको होतं.

तिने त्यांना इस्पितळात नेऊन कान तपासून घेतले. खुर्ची पुन्हा मागे गेली नाही. आणि समिती बसली तेव्हा तिने ही हकिगत जशीच्या तशी मांडली. घड्याळ, शर्ट, सगळं. आत्या तिखटमीठ लावणारी नाही, ते काम माझं, पण पुढचं संभाषण तिने त्याच संध्याकाळी चपला न काढता स्वयंपाकघरात उभं राहून आम्हाला सांगितलं, आणि मी त्यात एक शब्द घातलेला नाही.

सर म्हणाले, “कान खराब आहेत, मान्य. पण कशाने झाले?”

“घणाच्या आवाजाने.”

“मग असल्या आवाजात बसायचं काम त्याने का निवडलं? ज्याला काही ऐकायचंच नसतं, तो अशीच जागा शोधतो.”

“शोधली नाही सर. वडिलांनी लावून दिलं.”

“वडिलांनी,” सर म्हणाले, आणि समितीकडे असे वळले जणू खटला जिंकलाय. समितीने माना डोलावल्या.

आत्या म्हणाली, “तो बहिरा नसता आणि गप्प राहिला असता, तर तुम्ही काय म्हणाला असतात?”

“प्रतिकार.”

“आणि आता बहिरा निघाला तर?”

“कानातून केलेला प्रतिकार.”

“मग सर, त्याने कसं असावं, म्हणजे आपण चुकलो असं तुम्ही म्हणाल?”

सर काही बोलले नाहीत. आत्याने थोडी वाट पाहिली आणि म्हणाली, “सर गप्प आहेत. याचा अर्थ लावू, की समोर येऊन बसू?”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. आणि तिथेच सरांचा तोल गेला. ते समितीला म्हणाले, की हा प्रश्न शास्त्राचा नाहीच. उमेदवार बाईंना पुरुषांच्या जागेचा जुना हेवा आहे. आजही त्यांच्या मनात भावाची सायकल आहे.

कोचावर पडून, डोळे मिटून, फक्त त्यांना सांगितलेली गोष्ट. ज्या खोलीतलं बाहेर काढायचं नाही म्हणून हे लोक शपथा घेतात, त्या खोलीतली. मला आजही ते आठवलं की हात शिवशिवतात.

आत्या उठली. म्हणाली, “वरच्या खोलीतलं तुम्ही खाली आणलंत, आता सगळ्यांनी नीट ऐका. मला सायकल हवी होती. दोन चाकं, एक घंटी. शाळा लांब होती आणि माझे पाय दुखायचे. ती मला मिळाली नाही, कारण मी मुलगी होते, आणि त्याचा मला राग आला. तो राग दडलेला नव्हता सर. मी घरात ओरडून सांगत होते. घरच्यांनी ऐकलं नाही आणि तुम्हीही ऐकलं नाहीत. बॉयलरवाल्यांना निदान कानाचं कारण होतं.”

समितीने तासाभराने निरोप दिला, की उमेदवाराने खुर्ची जागेवर न्यावी, ही हकिगत प्रतिकार म्हणून पुन्हा लिहावी, सरांची माफी मागावी, म्हणजे सभासदत्व देता येईल. आत्या म्हणाली, “नाही.” आणि त्यांनी काही अर्थ लावायच्या आत जिना उतरली.

हे सांगून झालं. मग बाबा उठले आणि स्टूल घेऊन माळ्यापाशी गेले. “सायकल काढतो,” ते म्हणाले. आत्या म्हणाली, “राहू दे दादा. ती गंजकी मला नको. मी नवी घेणार आहे.”

खरंच घेतली. चाळिशी कधीच उलटलेली बाई, तिला सायकलवर नीट बसताही येत नव्हतं. त्याच महिन्यात तिने टायरच्या दुकानामागे एक खोली भाड्याने घेतली आणि त्यात दोन खुर्च्या ठेवल्या, समोरासमोर. कोच घेतला नाही. डॉक्टरांनी पेशंट पाठवले नाहीत, ते तिने म्हटलंच होतं. वर्षभर जवळजवळ रिकामी बसली. इस्पितळातली माणसं हळूहळू यायला लागली, ती त्यानंतर. पण पहिल्याच आठवड्यात बॉयलरवाले आले. त्यांना आता कानाचं यंत्र मिळालं होतं. त्याची त्यांना कटकट व्हायची, म्हणून ते खिशात ठेवायचे. कारखान्याने त्यांना फाटकावर बसवलं नव्हतं, पत्र्यावर आखणी करायच्या कामावर घेतलं होतं. ते खुर्चीत बसले आणि त्यांचं लक्ष आत्याच्या कोपराकडे गेलं. कोपर सोलवटलेलं होतं, हनुवटीवरही खरचटलं होतं.

“बाई, हे काय?”

जुन्या नियमाने तिने विचारायला हवं होतं, की तुम्हाला काय वाटतं? ती म्हणाली, “सायकल शिकतेय. पडले.”

बॉयलरवाले गदगदून हसले. मग पुढे वाकून म्हणाले, “मी येतो ना धरायला, मागून. फक्त पडायला लागलात तर ओरडू नका. मान वळवून सांगा, म्हणजे मला कळेल.”

आत्याही हसली. म्हणाली, “नको. सगळेच नियम काही मी सोडलेले नाहीत. इथे मी तुमचं ऐकायला बसलेय, सायकल धरून घ्यायला नाही. आणि मागून धरायला माझा भाऊ आहे.”

“जमतं का त्यांना?”

“धाप लागते. पण पळतो बिचारा. लहानपणी पळायची पाळी माझी होती ना.”